हॉटेलातील टेबल आणि मागची मोरी

(वऱ्हाडातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी चौकात रविवारी संध्याकाळी जी गर्दी उसळते, तिच्याकडे पाहून चळवळीतील काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते. कोरडवाहू कापसाचा हा मुलूख. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्यांची नावे देशाला ठाऊक झाली, त्याच जिल्ह्यांच्या शहरांत माणसे सहकुटुंब हॉटेलात जेवतात, मुलांच्या वाढदिवसाला बेकरीतून केक नेतात. ही चैन कशी खपवून घ्यावयाची, असा त्या आठीचा अर्थ. भावना प्रामाणिक आहे, परंतु निदान चुकलेले आहे.

एक आलूबोंडा किंवा गिला वडा आणि वर अर्धा कप चहा घेणारा मनुष्य काही चैनीखोर नव्हे. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी रिकामी होण्याची वाट पाहणारा शेतकरी, जिल्हा रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाचे नातेवाईक, खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा खेड्यातील विद्यार्थी, यांना हॉटेल ही गरज आहे. आणि आठवड्यातील एक संध्याकाळ जिला ओट्यापासून सुटका मिळते, त्या गृहिणीचे काय? 'घरच्या अन्नाची सर बाहेरच्याला नाही' असे म्हणणारा मनुष्य बहुधा ते अन्न स्वतः रांधत नसतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, परक्या माणसांच्या शेजारी, एकाच टेबलाशी, एकाच कपबशीतून खाणेपिणे ही या देशात लढून मिळवावी लागलेली वस्तू आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. समाजाच्या शिखरावरील माणसांची ही कथा, तर तळच्या माणसाची स्थिती काय असेल? त्याच्यासाठी हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे, पाणी वरून ओतले जाई, आणि आपली बशी त्यालाच विसळून ठेवावी लागे. अमरावतीला या लढ्याचा स्वतःचा इतिहास आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहासंबंधीच्या परिषदेसाठी येथे आले होते. डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय झाला. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळाही याच लढ्याचा भाग होय. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख आला. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा त्याच्याही पुढे गेला आणि त्याने उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदविला. कपबशीला कायद्यात जागा मिळावी लागली, यावरून प्रश्न किती खोल होता ते कळते.

तेव्हा रविवारची ती गर्दी नाक मुरडण्याजोगी नाही. विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. टेबलापाशी आलेली समता भटारखान्याच्या दारात का थांबते?

त्या दारामागे मोरीशी बसून भांडी घासणारा पोऱ्या बहुधा मेळघाटातला, नाहीतर कर्जात बुडालेल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा असतो. भट्टीवरचा कारागीर अनेकदा उत्तर प्रदेशातून आलेला असतो. पुष्कळ ठिकाणी कामगार हॉटेलातच जेवतो आणि रात्री बाके जोडून तेथेच झोपतो. मालक ते जेवण व ती झोप पगारात धरतो. चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेल, धाबा वा चहाच्या टपरीवर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तिचा काही उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पंधराव्या वर्षी तोच मुलगा त्याच मोरीशी येऊन बसतो.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांच्या संख्येची अट नव्हती. २०१७ च्या नव्या कायद्याने ती आणली: दहापेक्षा कमी कामगार असल्यास मालकाने केवळ सूचना द्यावी, बाकीची बंधने त्याला नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि रोजच्या कामाचे तास नवावरून दहावर नेण्याचा निर्णय घेतला. वऱ्हाडातील किती हॉटेलांत आणि बेकऱ्यांत वीस माणसे कामाला असतील? हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. किमान वेतनाचा हक्क मात्र संख्येवर अवलंबून नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने तो सर्वच कामगारांना लागू केला आहे. परंतु जेथे हजेरीपटच नाही, तेथे वेतन कमी मिळाले हे कामगाराने सिद्ध कसे करावयाचे?

हजेरीपट नसण्याची किंमत वऱ्हाडाने २०२१ साली पाहिली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात सर्वांआधी टाळेबंदी आली ती येथेच. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर बंद झाले, अकोल्यावरही कडक निर्बंध आले. हॉटेले मिटली. एप्रिलमध्ये राज्य सरकारने बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना मदत जाहीर केली. तिचा निकष होता नोंदणी किंवा परवाना. हॉटेल कामगारांचा वर्गच त्या यादीत नव्हता. ज्यांची कोठे गणती नाही, त्यांची आठवण सरकारला होत नाही आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, राजकीय पक्षांनाही होत नाही.

बेकरीची गोष्ट याहून जुनी आहे. सकाळी पाव ताजा हवा म्हणून कारागिराने रात्र जागवावयाची, ही प्रथा मोडण्याचा हुकूम पॅरिस कम्यूनने २० एप्रिल १८७१ रोजी काढला होता. कम्यून अवघे दोन-सव्वादोन महिने टिकले, पण तेवढ्यात त्याला पाववाल्यांची आठवण झाली. १९२५ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने बेकऱ्यांतील रात्रपाळीविरुद्ध करारच केला. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या कामाच्या दिवसावरील प्रकरणात लंडनच्या पाववाल्यांविषयी सविस्तर लिहिले आहे. सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा लंडनकर अस्वस्थ झाले ते पावात तुरटी आणि घाम मिसळलेला असतो हे वाचून. कारागिराच्या जागरणाचे त्यांना तितकेसे वाटले नाही, असे तो नोंदवितो. आजचे चित्र फारसे वेगळे नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील परवाना गल्ल्यामागे टांगलेला दिसतो. ग्राहक स्वच्छतेविषयी तक्रार करतो, बिलातील सेवाशुल्काविषयी भांडतो (ते सक्तीने घेता येत नाही, हे २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही सांगितले). वेटर किती वाजता कामावर आला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मालकांविषयी एक शब्द. चार टेबलांचे हॉटेल चालविणारा मनुष्य भांडवलदार नव्हे. सिलिंडर, भाडे, वीज आणि घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्यांचे कमिशन यांत तो पिळला जातो आणि स्वतःही गल्ल्यावर चौदा तास उभा असतो. त्याच्यापुढे घोषणा देऊन काही साधणार नाही. त्याला घेऊनच तास ठरवावे लागतील.

दुसरा मार्ग नाही असे नाही. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालविली. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला परवडेल अशा दरात जेवण आणि ते रांधणाऱ्यांना रास्त मजुरी, दोन्ही एकाच वेळी. याउलट १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर काय किंवा २०२० ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी काय, सरकारने खाणाऱ्याचा विचार केला आणि रांधणाऱ्याला केंद्रचालकावर सोडून दिले. भुकेल्याला थाळी मिळाली हे चांगलेच झाले, पण तो कार्यक्रम समाजवादी नव्हता. अमरावती किंवा अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारात हमाल, मापाडी आणि बचत गटांतील स्त्रिया यांनी मिळून असे एखादे जेवणघर काढणे अशक्य नाही. जागा समितीकडे मागावी लागेल, आणि ती सहजी मिळणार नाही.

तोवर शाखांनी निदान गणतीचे काम हाती घ्यावे. किती हॉटेले, किती बेकऱ्या, प्रत्येकीत माणसे किती, गाव कोणते, काम कधी सुरू होते व कधी संपते, साप्ताहिक सुटी आहे की नाही, पगार हातात किती पडतो. ही माहिती घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे गेल्यास त्याला उत्तर द्यावे लागेल. नुसते निवेदन दिल्यास पोच मिळेल. हॉटेलांकडे दुपारी तीननंतर, गिऱ्हाईक ओसरल्यावर जावे. बेकऱ्यांकडे मात्र मध्यरात्रीनंतरच जावे लागेल, कारण दिवसा गेल्यास कारागीर पिठाच्या पोत्यांवर झोपलेले आढळतील.