फाउंटनपेन आणि वही

फाउंटनपेन विकत घेतांना माणूस पुष्कळ विचार करतो. निब बारीक कीं जाड, तें कागदावर कसें सरकतें, टोपण घट्ट बसतें कीं नाहीं, हें सारें तो दुकानदारासमोर उभा राहून पाहतो. वही घेतांना मात्र तोच चोखंदळ गृहस्थ पुठ्ठ्यावरचें चित्र पाहून आणि किंमत विचारून मोकळा होतो. घरीं येऊन पहिली ओळ लिहितो, तों अक्षरांच्या कडा फुटून त्यांना जणूं मिशा आलेल्या दिसतात. पान उलटतो, तों मागच्या बाजूला शाईचे ठिपके उमटलेले असतात. मग दोष कधीं पेनाला, कधीं शाईला दिला जातो. खरा अपराधी पुष्कळदां कागद असतो. आणि कागदाची पारख करणें हें कांहीं मोठेंसें अवघड काम नाहीं.

फाउंटनपेनांतली शाई म्हणजे मुख्यतः पाणी व त्यांत विरघळलेला रंग. अमेरिकेंत लुई वॉटरमन यानें १८८४ सालीं आपल्या फाउंटनपेनाचें पेटंट घेतलें. त्या पेनांत शाई खालीं उतरावी व तिच्या जागीं हवा आंत जावी, अशी सोय होती. अशा पेनांतून शाई जोरानें ढकलली जात नाहीं. निबाच्या फटींतून ती केशाकर्षणानें टोंकाशीं येते आणि टोंक कागदाला टेकतांच तिकडे ओढली जाते. दिव्याची वात तेल वर ओढते, तोच हा प्रकार. आतां कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचें जाळें. त्या तंतूंमध्यें असंख्य सूक्ष्म फटी असतात आणि त्याही पाणी शोषून घेतात. टीपकागदांत हा गुण मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. लिहिण्याच्या कागदाची ही तहान मात्र आवरावी लागते.

ती आवरण्याच्या उपायाला मराठींत खळ हा जुना शब्द आहे. धोतराला खळ दिली म्हणजे तें ताठ होतें. कागदाला खळ दिली म्हणजे त्याच्या फटी बुजतात व शाई वरच्यावर राहते. जुन्नर आणि दौलताबाद येथें हातानें होणारा कागद एके काळीं महाराष्ट्रांत नांवाजलेला होता. हातकागद खळ देऊन वाळवीत आणि मग गुळगुळीत दगडानें घोटीत. त्यामुळें बोरू त्यावर अडखळत नसे. युरोपांत हेंच काम जनावरांच्या कातड्यांपासून काढलेल्या सरसाकडून होई. पुढें १८०७ सालीं जर्मनींत मोरिट्झ इलिग यानें राळ व तुरटी लगद्यांतच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली आणि यंत्रावर होणाऱ्या कागदाला ती सोयीची पडली. साहित्य बदललें, तरी तत्त्व तेंच राहिलें.

हें तत्त्व ध्यानांत घेतलें म्हणजे एक मोठा गैरसमज दूर होतो. कागद जाड म्हणजे चांगला, अशी पुष्कळांची समजूत असते. कागदाचें वजन दर चौरस मीटरला इतके ग्रॅम असें सांगतात. शाळेच्या वह्यांचा कागद बहुधा ५५ ते ६० ग्रॅमचा असतो, तर छायाप्रतींच्या यंत्रांत ७० ते ८० ग्रॅमचा कागद घालतात. परंतु या आंकड्यावरून खळ किती आहे, हें मुळींच कळत नाहीं. शंभर ग्रॅमचा कागदही खळ अपुरी असल्यास शाई फोडतो. उलट जपानांतला ‘तोमोए रिव्हर’ नांवाचा प्रसिद्ध कागद अवघा ५२ ग्रॅमचा असूनही त्यावर अक्षर रेखीव उठतें. तो पातळ असल्यामुळें मागच्या पानाची सावली पुढें दिसते, एवढेंच. सावली दिसणें आणि शाई आरपार उतरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कागदाच्या पातळपणाची खूण, दुसरी त्याच्या तहानेची.

बाजारांतल्या पुष्कळ वह्या फाउंटनपेनाला कां मानवत नाहींत, याचें कारणही यांतच आहे. बॉलपेनांतली शाई घट्ट व तेलकट असते. ती कागदांत फारशी झिरपत नाहीं. त्यामुळें बॉलपेनानें लिहिणाऱ्याला खळ कमी असलेला कागद खटकत नाहीं. तोच कागद फाउंटनपेनासमोर आला म्हणजे उघडा पडतो.

कागदाची तहान फार आवरली, तर दुसरें टोंक गांठलें जातें. चकचकीत, गुळगुळीत कागदावर शाई सुंदर दिसते, पण ती लवकर वाळत नाहीं. वर्गांत भराभर टिपून पान उलटणाऱ्या विद्यार्थ्याला असा कागद त्रासदायक होतो. डावखोऱ्याचा तर हातच ओल्या ओळीवरून फिरतो. म्हणून वही कोणत्या कामासाठीं हवी, हें आधीं ठरवावें. निवांतपणें रोजनिशी लिहिणाऱ्यास घोटीव कागद शोभेल. टिपणें घेणाऱ्यास किंचित् खरखरीत पण खळ चांगली असलेला कागद बरा. हातकागदाच्या वह्या देखण्या असतात. परंतु ज्यांना खळ पुरेशी दिलेली नाहीं, त्यांचे तंतू निबांत अडकतात आणि अक्षर पसरतें.

परीक्षेची रीत सोपी आहे. दुकानांत जातांना स्वतःचें पेन रोजच्या शाईसह बरोबर न्यावें. दुकानदाराची अनुमति घेऊन नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ हीं अक्षरें शेजारीं शेजारीं लिहावीं. या जोड्यांतला भेद बऱ्याच अंशीं शिरोरेषेंतील एवढ्याशा फटीवर अवलंबून असतो. शाई फुटली कीं ती फट भरते आणि ‘धन’ लिहिलेलें ‘घन’ होतें. अनुस्वाराचा टिंब गोल राहतो कीं फुगतो, तेंही पाहावें. मग टोंक एके ठिकाणीं क्षणभर टेकवून ठेवावें व पान उलटून मागची बाजू तपासावी. शेवटीं थोडें थांबून ओळीवरून बोट फिरवावें. म्हणजे शाई वाळण्यास किती वेळ लागतो, हेंही कळेल. आंखलेल्या वहींत रेघेवरूनही लिहून पाहावें. कांहीं वह्यांच्या रेघा छापण्याची शाई इतकी तेलकट असते कीं, तिच्यावर पेनाची शाई धरतच नाहीं व अक्षर मध्येंच तुटतें.

रेघांतलें अंतरही देवनागरीच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. अक्षराच्या वर वेलांटी, रफार व मात्रा, खालीं उकार. अशा दुहेरी पसाऱ्याला दाटीच्या रेघा पुरत नाहींत. जाड निब असल्यास तर अंतर अधिकच हवें. बांधणी शिवलेली असावी. तशी वही टेबलावर बहुधा सपाट उघडी राहते व शिवणीजवळचें अक्षर वांकडें होत नाहीं. केवळ डिंकानें चिकटवलेल्या वहीचीं पानें वारंवार उघडल्यानें सुटूं लागतात.

मुंबई-कोंकणासारख्या दमट हवेंत आणखी एक काळजी घ्यावी लागते. कागद हवेंतला ओलावा शोषून घेतो व अशा कागदावर शाई अधिक पसरते. उन्हाळ्यांत पसंत पडलेली वही श्रावणांत रुसते, तें यामुळें. वह्या बंद कपाटांत ठेवाव्या आणि लिहितांना तळहाताखालीं टीपकागद असूं द्यावा. कारण हाताचा घाम व तेल लागलेल्या जागीं शाई नीट धरत नाहीं.

एवढा खटाटोप एका वहीसाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. बाजाराच्या यादीसाठीं तो नकोच. पण प्रत्येक घरांत एखादी तरी वही अशी असते कीं, ती लिहिणाऱ्याच्या मागें उरावयाची असते. आजीच्या हातचीं लोणच्यांचीं प्रमाणें, वडिलांची रोजनिशी, घराण्याची वंशावळ हीं तशा वह्यांत असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद शतकें लोटलीं तरी वाचतां येतात, याचें श्रेय हातकागदाला आणि काजळाच्या शाईला आहे. याच्या उलट, राळ व तुरटी घालून केलेल्या कागदांत आम्ल असतें. तो कांहीं दशकांत पिवळा पडून ठिसूळ होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आम्लरहित खळीचा प्रसार झाला आणि टिकाऊ कागदाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९४ सालीं ठरलें. अशा वहीवर ‘आम्लरहित’ हा शब्द आहे कीं नाहीं, तें पाहावें. शाईही पाण्यानें न धुपणारी निवडावी. नुसत्या रंगाच्या शाईचें अक्षर एका गळक्या छपराखालीं वाहून जातें. मात्र टिकाऊ शाई पेनांत सुकूं देऊं नये. पेन वेळच्या वेळीं धुवावें.

पसंत पडलेली वहीसुद्धां एकदम डझनानें घेऊं नये. एकाच नांवाच्या वह्यांत कागदाची नवी भरती आली कीं गुण बदलतो. आधीं एक वही घ्यावी, तिचीं दहा-बारा पानें नेहमींच्या हातानें भरावीं, आणि मन भरल्यावर त्याच भरतींतल्या आणखी दोन-तीन आणून ठेवाव्या. घरांत जी वही पुढच्या पिढीसाठीं लिहिली जात असेल, तिच्यापासून ही पारख सुरू करावी.