दुसऱ्याच्या वहींतून

शेजाऱ्याची वही पाहणाऱ्या मुलांना मीं अंबाजोगाईस वर्षानुवर्षें बांकावर उभें केलें. आज साठी उलटल्यावर मीच तें करीत आहें! टिम बर्नर्स-ली यांचें वेब १९९१ सालीं सर्वांस खुलें झालें. संगणकावर ‘कंट्रोल’ व ‘यू’ या कळा एकदम दाबल्या कीं पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर उघडतो. सर्व्हरवरील काम तेवढें दिसत नाहीं.

गुणपत्रकासाठीं एका पानांतील कोष्टक मीं न समजतां उतरविलें. नातवाच्या मोबाइलवर गणिताचे गुण पडद्याबाहेर! मग एकेक ओळ काढून काय मोडतें तें पाहत बसलों. तिसऱ्या रात्रीं ‘९०० पिक्सेल’ ही रुंदी सांपडली. तेथें ‘१०० टक्के’ लिहिलें. गणित परत आलें.