आंबट आहे म्हणून निर्धास्त राहू नका



आपल्या बचत गटांत आवळ्याचा रस, कोकम सरबत, कैरीचं पन्हं होतं. “आंबट आहे, त्याला काय होतंय!” असं आपण सहज म्हणतो. पण १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई-कोलाय नावाचे जिवाणू लोकांच्या पोटात गेले. साठाहून अधिक जण आजारी पडले, एक तान्ही मुलगी दगावली. रस आंबटच होता.

असं कसं झालं? विहिरीत पाणी चढलं की आपण मोटर लावून उपसतो ना, तसाच या जिवाणूच्या आवरणात एक बारीक पंप असतो. आत शिरलेलं आम्ल तो बाहेर फेकतो. पंप चालू आहे तोवर जिवाणू आंबट रसात, फ्रिजच्या गारव्यातही तग धरतो.

मोठ्या कारखान्यांत आता यावर एक उपाय करतात. रसाच्या बाटल्या पाण्याच्या भक्कम टाकीत ठेवून काही मिनिटं दाब देतात. किती? हवेच्या दाबाच्या चार ते सहा हजार पट! समुद्राच्या सर्वांत खोल तळाशीसुद्धा तो हजार पटींच्या आसपासच असतो. दाब चहूबाजूंनी सारखा, म्हणून बाटली फुटत नाही. रस तापत नाही, म्हणून चवही टिकते. बरेच जिवाणू जागीच मरतात. उरलेल्यांचं आवरण दुखावतं, पंप बिघडतो, आणि मग तोच आंबट रस त्यांना हळूहळू संपवतो. मात्र दाब कमी पडला किंवा पदार्थ दुधासारखा आंबट नसला, तर हेच जखमी जिवाणू पुन्हा सावरतात.

ते यंत्र कोट्यवधींचं. आपल्याकडे चूल आहे, आणि तीही हेच काम करते. म्हणून एवढं पाळा. जमिनीवर पडलेली, शेणामातीला लागलेली फळं रसाला घेऊ नका. फळं आणि हात स्वच्छ धुवा. रसाला उकळी येऊ द्या आणि उकळलेल्या बाटलीत गरमच भरा.

आणखी एक. पन्ह्याची कैरी आपण उकडतो, पण नंतर वरून पाणी कच्चंच ओततो! तेही उकळून गार केलेलंच घाला.

आंबटपणा आपला सोबती आहे, पण राखणीला तो एकटा पुरत नाही. पुढच्या गटाच्या बैठकीत हे जरूर सांगा.