छळ जेव्हा धोरण बनतो
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



साहेब छळू लागला की आपण म्हणतो, 'त्याचा स्वभावच तसा, आपले नशीब.' आणि त्याच्या बदलीची वाट पाहत बसतो. ही समजूत किती अपुरी आहे हे फ्रान्समधील एका खटल्याने दाखवून दिले आहे. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

'फ्रान्स टेलिकॉम' ही मूळची सरकारी दूरध्वनी संस्था. २००४ साली तिच्यातील सरकारी हिस्सा निम्म्याच्या खाली आला. डोक्यावर कर्ज होते, भागधारकांना घाई होती; परंतु बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेचे संरक्षण असल्यामुळे त्यांना काढून टाकता येईना. तेव्हा २००६ साली व्यवस्थापनाने ठरविले की, सुमारे १,२०,००० पैकी २२,००० माणसांनी तीन वर्षांत 'स्वखुशीने' जावे आणि आणखी १०,००० जणांनी काम बदलावे. अध्यक्ष दिदिए लोंबार यांनी वरिष्ठांच्या बैठकीत सांगितले की, ही माणसे आपण बाहेर काढणारच. दारातून नाही तर खिडकीतून!

मग बदल्यांमागून बदल्या सुरू झाल्या. तारा जोडण्यात हयात घालविलेल्या तंत्रज्ञाला फोनवरून माल विकण्यास बसविले. कोणाला कामच द्यावयाचे नाही असे ठरले. किती माणसे गेली यावर अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही भाग ठरू लागला. आणि त्यांच्या प्रशिक्षणात काय शिकवीत? आप्ताच्या मृत्यूनंतर माणूस नकार, संताप, खिन्नता अशा पायऱ्यांनी स्वीकारापर्यंत कसा येतो, त्याचा आलेख! आपण कर्मचाऱ्यांना काय भोगावयास लावीत आहोत, याची मालकाला पुरती कल्पना होती. मधला साहेब तेवढा दुष्ट निघाला, असे म्हणण्यास येथे जागाच उरत नाही.

न्यायालयापुढे ३९ जणांची प्रकरणे आली. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता आणि ८ जण नैराश्याने खचले होते.

हे उजेडात आले ते कामगार संघटनांमुळे. २००७ सालीच दोन संघटनांनी सक्तीच्या बदल्या आणि मानसिक ताण यांची नोंद ठेवणारे निरीक्षण केंद्र काढले होते. २००९ साली फिर्याद झाली आणि २०१९ साली निकाल लागला. लोंबार व त्यांचे दोन सहकारी दोषी ठरले. कंपनीला ७५,००० युरो दंड झाला. कायद्याने जास्तीत जास्त तेवढाच करता येत होता. एवढ्या मोठ्या कंपनीला तो काय जाणवणार? २०२२ साली अपिलात तुरुंगवास पूर्णपणे स्थगित झाला, परंतु दोष कायम राहिला.

'त्या माणसांना आम्ही कधी पाहिलेदेखील नाही,' हा बचाव २१ जानेवारी २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयानेही अमान्य केला. धोरणच छळाचे असेल तर ते आखणाराने बळीचा चेहरा पाहिलेला असण्याची गरज नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

आपल्याकडे आत्महत्येस प्रवृत्त करण्याविरुद्ध कलम आहे. पूर्वीचे ३०६, आता न्याय संहितेचे १०८. पण तेथे अमक्याने तमक्याला प्रवृत्त केले हे सिद्ध करावे लागते. परिपत्रकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय त्यात नाही. ती होईपर्यंत नोंद ठेवणे तरी आपल्या हाती आहे. पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या खात्यातील गेल्या तीन वर्षांच्या बदल्यांची व राजीनाम्यांची यादी, तारखांसह, बरोबर आणावी.