पहिला कुठला, ते कारणासकट सांगा

(सुरतेतील मराठी माध्यमाच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)

मघाच्या नाचाला खुर्च्यांवर उभे राहिलेल्या विद्यार्थी मित्रहो! समोर खानदेशची मंडळी पुष्कळ दिसतात, तेव्हा बठ्ठा मजामा ना?

मी गुराढोरांचा डॉक्टर. तुमच्या सरांनी मला सांगितलं, "कुठल्याही विषयावर बोला." तिथेच ते फसले, कारण मी घोड्यांवर बोलणार आहे. सुरतेत मराठी माणसानं घोड्याचं नाव काढलं की ऐकणारे जरा सावरून बसतात. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या हे गाव विसरलेलं नाही. पण आज मी नुसते घोडे बघण्याविषयीच बोलणार आहे.

तुमच्या शहरातून जी तापी वाहते, तिच्याच काठी, वरच्या अंगाला, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. तुमच्यापैकी निम्म्यांचे आजोबा त्या यात्रेला गेले असतील. निम्मे घोडे बघायला गेले असतील आणि निम्मे जिलेबीसाठी, तो भाग वेगळा.

त्या बाजारात जुने जाणकार भेटतात. घोडा दहा पावलं चालला की म्हातारा मान हलवतो आणि पुढे जातो. "काका, काय बिघडलं?" असं विचारा. "नाही पटला." एवढंच. पुन्हा विचारलंत तर तंबाखू मळायला लागतो. तो चुकत नाही, हे मी पाहिलंय. पण का चुकत नाही, ते तो सांगत नाही. तुमच्या रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये ताक्यावर नुसता हात फिरवून बाजूला सारणारे लोक असतात ना, तसंच हे.

आता अमेरिकेतली गंमत ऐका. तिकडे फोर-एच नावाची मुलांची मंडळं आहेत, शेतीशाळा आहेत, कॉलेजं आहेत. त्यांचे संघ घोड्यांची पारख करण्याच्या स्पर्धेत उतरतात. घोड्यावर बसायचं नाही, पळवायचं नाही, फक्त बघायचं. चार घोडे समोर उभे करतात आणि त्यांना एक ते चार आकडे देतात. मुलं बाजूनं बघतात, समोरून बघतात, मागून बघतात, चालवून बघतात आणि कागदावर क्रम लिहितात. चार घोड्यांचे चोवीस क्रम होऊ शकतात, गणिताच्या बाईंना विचारा. क्रम परीक्षकांशी जुळला तर पन्नास गुण.

आणि चुकला तर? इथे मला ही माणसं हुशार वाटली. परीक्षक शेजारच्या दोन-दोन घोड्यांत फरक किती, तेही आधी ठरवून ठेवतात. समजा, बरोबर क्रम ३-१-४-२. पहिल्या दोघांत फरक थोडा, म्हणून २ गुणांचा. मधल्या दोघांत मोठा, ५ गुणांचा. शेवटच्या दोघांत ३ गुणांचा. तुम्ही पहिले दोन उलटे लावलेत तर दोनच गुण जातात, ४८ मिळतात. तिथे शहाणा माणूसही चकतो. मधले दोन उलटे लावलेत तर ४५. सगळी रांगच उलटी लावलीत तर ३५ गुण कापून १५ हातात येतात. घरी जाऊन वहीत करून बघा, बरोबर येतं. म्हणजे चूक झाली एवढं पुरत नाही, चूक केवढी झाली ते मोजतात. आपल्या परीक्षांत हे कधी येईल कोण जाणे.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात. क्रम लिहून झाला की मुलाला एकट्याला परीक्षकासमोर उभं करतात. दोन मिनिटं. हातातल्या कागदाकडे न बघता कारणं सांगायची, आणि त्यालाही पन्नासपर्यंत गुण. "तीन नंबर छान आहे" म्हटलं तर परीक्षक ढिम्म हलत नाही. तुलना हवी. "एकपेक्षा तीनला वर ठेवलं, कारण त्याचा खांदा जास्त तिरका आहे, म्हणून त्याचं पाऊल लांब पडतं, समोरून बघितलं तर त्याचा पुढचा पाय खांद्यापासून खुरापर्यंत सरळ रेषेत येतो." आणि याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ज्याला खाली ठेवलं, त्याचंही चांगलं काय ते. "एक नंबरची मान तीनपेक्षा सुबक आहे, हे मान्य. पण त्याचे पुढचे पाय आत वळलेत." हे 'मान्य' सांगितलं नाही तर कारणं अपुरी.

सारंगखेड्याच्या माझ्या म्हाताऱ्याला या परीक्षेत घोडे लावण्याचे पन्नासच्या पन्नास मिळाले असते आणि कारणांचा भोपळा. मला त्याची काळजी वाटते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखही भरले नाहीत. २०१२ च्या मानानं ४५ टक्क्यांहून जास्त घट. घोडे कमी झाले की बघणारे डोळेही कमी होतात. आपल्या पुणे-सोलापूर-साताऱ्याकडे धनगरांच्या वाड्यांबरोबर चालणाऱ्या भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून नोंद मिळाली आहे. पिढ्यान् पिढ्या धनगर त्याला ओळखतच होते. नोंद व्हायला कुणीतरी मोजमापं घेऊन, लक्षणं लिहून काढावी लागली.

न सांगण्याचा आणखी एक तोटा होतो. जिथे कारण द्यायची सवय नसते, तिथे भोवरे घुसतात. केसांचे भोवरे! गळ्यावर भोवरा म्हणजे देवमण, शुभ, भाव वर. डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसूढाळ, धनी रडणार, भाव खाली. पायानं, छातीनं, चालीनं उत्तम घोडी एका भोवऱ्यापायी पडून राहिलेली मी बघितली आहे. शालिहोत्र या जुन्या अश्वशास्त्रातही शुभाशुभ लक्षणं आहेत, मला ठाऊक आहे. आणि अज्ञातवासात ग्रंथिक नाव घेऊन विराटाचे घोडे सांभाळणाऱ्या नकुलालाही ती पाठ असतील. पण मी त्याला विचारलं असतं, "बाबा, हा भोवरा असलेला घोडा कमी कसा पळतो, ते दाखव."

तेव्हा माझी एक मागणी आहे. या शाळेचा चार मुलांचा संघ करा. दोन मुली हव्यातच. येत्या दत्तजयंतीला सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरून दोंडाईच्याला उतरा, तिथून सारंगखेडा जवळ आहे. चार घोडे सपाट, कडक जमिनीवर उभे करायची जबाबदारी माझी. सपाट मुद्दाम म्हणतो, कारण बाजारात पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून घोडा रुबाबदार दाखवायची कला फार जुनी आहे. पायात चपला नकोत, बूट हवेत. घोड्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. चालवून बघताना त्याच्या मानेवर नजर ठेवा. पुढचा पाय दुखरा असेल तर त्यावर भार येताच घोडा मान वर उचलतो. दात बघून वय कसं ठरवायचं तेही शिकवीन. दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं.

आणि भोवऱ्याचं नाव काढलं तर दहा गुण वजा.

क्रम मी लावीन, पण तो काही वेदवाक्य नाही. तुमच्यापैकी कुणी दोन मिनिटांत, न अडखळता, माझा क्रम चुकलाय हे मला पटवून दिलं, तर त्या संपूर्ण संघाला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्याकडून. नावं वर्गशिक्षकांकडे द्या, पालकांच्या सहीसकट. आता बक्षिसं वाटू या, मागच्या रांगेतले लोक केव्हाचे घड्याळ बघताहेत.