दहा मिनिटांत किती ग्रॅम?



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. प्लॅस्टिकवर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, एका कामगाराच्या मजुरीपायी आम्हांला ते शिकावे लागले.

आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात, त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या आहेत. हा माल दाण्यांच्या रूपात आपल्याकडे नागोठण्यासारख्या ठिकाणी तयार होतो. पुढे तो वितळवून साच्यात दाबतात. वितळलेला माल किती सहज वाहतो, हे आधी कळावे लागते. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि काहील उतरवायची की नाही ते सांगतो. कारखान्याला मात्र आकडा लागतो.

तो असा काढतात. पोलादाच्या उभ्या नळीत काही ग्रॅम दाणा घालायचा, २३० अंश सेल्सिअसला वितळवायचा आणि वरून २.१६ किलोचा भार द्यायचा. तळाच्या सुमारे २.१ मिलिमीटर छिद्रातून शेवईसारखी तार उतरते. ठरावीक वेळाने ती कापून तोलायची. दहा मिनिटांना जितके ग्रॅम, तो मेल्ट फ्लो इंडेक्स. कामगार त्याला 'एमएफआय' म्हणतात. पॉलिथिलीनला हाच प्रयोग १९० अंशांवर होतो. आकडा लहान तर रेणूंच्या साखळ्या लांब, माल घट्ट आणि चिवट. मोठा तर साखळ्या आखूड आणि माल पातळ. म्हणून पाण्याच्या पाइपाला लहान आकड्याचा दाणा घेतात.

एका कारखान्यात खुर्च्यांचे पाय मोडू लागले. यंत्रावरच्या माणसाने उष्णता वाढवली, असा ठपका ठेवून त्याची मजुरी कापली. ठपका अशक्य कोटीतला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. फार तापवले की पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात आणि आकडा वाढतो. परंतु सदोष खुर्च्या ग्राइंडरमध्ये दळून पुन्हा पुन्हा वितळवल्या, तरी तेच होते. मग दोष कोणाचा? आम्ही म्हटले, आकडा दोनदा काढा : यंत्रात पडण्यापूर्वीच्या मालाचा आणि तयार खुर्चीच्या तुकड्याचा. पोत्यावर १२ छापलेले होते. हॉपरमधील मिश्रणाचा निघाला २१, खुर्चीचा २३. बहुतेक मोडतोड माल त्याच्या हाती येण्यापूर्वीच झालेली होती! मजुरी परत मिळाली. शेवटचे दोन मात्र यंत्रातले. त्यांत त्याचाही वाटा असू शकेल, असे आम्ही त्याला सांगितले, तेव्हा तो आमच्यावर रागावला.

या आकड्यावर सर्वस्वी विसंबूही नये. चाचणीत माल संथ सरकतो, साच्यात वेगाने घुसतो. एकाच आकड्याचे दोन दाणे तेथे निराळे वागू शकतात.

आता करारात आम्ही एक कलम मागतो : ठपका ठेवण्यापूर्वी हॉपरमधील मालाचा आकडा कामगाराला दाखवावा. दोन ठिकाणी ते मान्य झाले. तिसऱ्या ठिकाणी बोलणी चालू आहेत.