माजी पंतप्रधानांचा अखेरचा प्रवास आणि आपली कृतज्ञता
(संविधान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज २६ नोव्हेंबर. आपण संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन केले. आता मी आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. उद्या २७ नोव्हेंबर आहे. हा दिवस कोणाच्या स्मृतीचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या मनालाच विचारावे. उत्तर मी शेवटी देणार आहे.

आपल्यापैकी बरेच जण दिल्लीला जाऊन आले आहेत. राजघाटाच्या परिसरात यमुनेच्या काठाने समाध्यांची रांग आहे. शांतिवन पंडित नेहरूंचे. त्यांचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. विजयघाट लालबहादूर शास्त्रींचा. ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री, ११ जानेवारी १९६६ रोजी, परक्या भूमीवर त्यांनी प्राण सोडला. शक्तिस्थळ इंदिरा गांधींचे. हे तिघेही पंतप्रधानपदावर असताना गेले. त्यामुळे सारे राष्ट्र त्यांच्या पार्थिवामागे चालले, यात नवल नाही.

परंतु बंधूंनो, जो पदावरून उतरला आहे, ज्याच्या दारात आता गर्दी नाही, त्याला राष्ट्र कसा निरोप देते? खरी कसोटी तेथे लागते.

चौधरी चरणसिंग काही महिनेच पंतप्रधान होते. १९८७ साली ते वारले, त्यांचा किसान घाट दिल्लीत आहे. चंद्रशेखर यांचा कार्यकाळही जेमतेम सात महिन्यांचा. २००७ साली त्यांच्यावरही यमुनेकाठीच अंत्यसंस्कार झाले. मोरारजी देसाई १० एप्रिल १९९५ रोजी मुंबईत वारले. जुन्या मुंबई राज्याचे ते मुख्यमंत्री होते. त्यांची समाधी अहमदाबादला साबरमतीच्या काठी, अभयघाटावर आहे. दोन वेळा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा १९९८ साली गेले, त्यांचा अंत्यविधीही अहमदाबादेतच झाला.

नरसिंह राव तर पूर्ण पाच वर्षे पंतप्रधान होते. आपल्या रामटेकमधून ते लोकसभेवर निवडून गेले होते. उत्तम मराठी जाणणारा हा माणूस २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत वारला. त्यांच्या पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकापर्यंत पार्थिव आले, पण आत गेले नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. दिल्लीत त्यांचे स्मारक व्हायला २०१५ साल उजाडले आणि भारतरत्न मिळाले ते २०२४ साली.

आता सांगा, निकष कोणता? कार्यकाळ म्हणावा, तर काही महिन्यांच्या पंतप्रधानाला घाट मिळाला आणि पाच वर्षांच्या पंतप्रधानाला फाटकावरून परतावे लागले. नियमच नव्हता. त्या दिवशी सत्ता कोणाची आणि मृताच्या पाठीशी कोण उभे, यावरच बरेचसे अवलंबून राहिले.

२०१३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की यापुढे वेगवेगळ्या समाध्यांसाठी जमीन न देता सर्वांसाठी एकच राष्ट्रीय स्मृतिस्थळ असावे. निर्णय चांगला होता. अटलबिहारी वाजपेयी यांच्यावर २०१८ साली तेथेच अंत्यसंस्कार झाले. परंतु २६ डिसेंबर २०२४ रोजी डॉ. मनमोहनसिंग गेले, तेव्हा जागेचा वाद पुन्हा उभा राहिला. निगमबोध घाटावर त्यांना अग्नी दिला गेला आणि स्मारकासाठी जागा देण्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. २७ नोव्हेंबर २००८ रोजी दिल्लीत दीर्घ आजाराने विश्वनाथ प्रताप सिंग यांचे निधन झाले. आदल्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला होता. साऱ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले होते, आपलेही. निरपराध माणसे मरत होती, त्या दुःखापुढे दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. अलाहाबादला गंगेच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला. देशाचा एक माजी पंतप्रधान गेला आणि आपल्यातील पुष्कळांना ते कळलेही नाही.

हा माणूस आपला कोण होता? १९९० साल आठवा. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्यांच्याच सरकारच्या काळात बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, यासाठी १९५६ नंतर आपल्या पिढ्या झगडल्या. तो कायदाही १९९० सालीच झाला. आज आपल्या घरातील एखादा मुलगा, एखादी मुलगी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल, तर तिच्या दाखल्यामागे तो कायदा उभा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी इतर मागासवर्गीयांसाठी मंडल आयोगाची शिफारस लागू करण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरात त्यांचे सरकार पडले.

तामिळनाडूने त्यांची आठवण ठेवली. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी चेन्नईत त्यांचा पुतळा उभा राहिला. आपण काय केले?

बंधू-भगिनींनो, सरकारी जागेवर आणि सरकारी दुखवट्यावर कोणाचे मोठेपण ठरत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? बाबासाहेब १९५१ सालीच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते दिल्लीत गेले, परंतु त्यांना निरोप दिला तो मुंबईत, दादरच्या चौपाटीवर, लाखो लोकांनी. चैत्यभूमीवर दरवर्षी जमणारी गर्दी कोणत्याही सरकारच्या आदेशाने येत नाही.

म्हणून संस्थेपुढे माझी एक छोटी सूचना आहे. पुतळा नको, मोठा खर्च नको. दरवर्षी संविधान दिनाच्या या कार्यक्रमात दोन मिनिटे विश्वनाथ प्रताप सिंग यांच्यासाठी ठेवावीत आणि १९९० सालच्या त्या कायद्याची माहिती आपल्या मुलांना द्यावी. उपकार करणाऱ्याचे नावही पुढच्या पिढीला माहीत नसेल, तर दोष त्या पिढीचा नाही, आपला आहे.



जयभीम! जय भारत!